एका दिवसात पाच माथे, सोबत धाकटा भाऊ. जावं का?

थोरली
नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे पण मागचं सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून जरा लांबण लावते.

मी आणि माझा भाऊ, तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, दोघांनाही डोंगरांचं वेड. दोन वर्षांपूर्वी एकाच धारेवरचे पाच माथे एका दिवसात करायचं ठरवलं. सगळं मिळून २२ किलोमीटर चाल आणि १७०० मीटर चढ. पहाटे चारला हेडटॉर्च लावून निघालो, पहिले दोन माथे अगदी मजेत झाले. तिसऱ्याच्या आधीच्या खिंडीत माझ्या पोटरीत असा गोळा आला की बसलेच. हा पंधरा मिनिटं थांबला, मग म्हणाला ताई मी जरा पुढे होऊन बघतो, तू ये हळूहळू. आणि गेला. दोघांत मिळून नकाशा एक, तो त्याच्या सॅकमध्ये. मी कशीबशी तिसऱ्या माथ्यावर पोचले तेव्हा हा चौथ्याच्या चढावर मुंगीएवढा दिसत होता. हाका मारल्या पण वारा उलटा. मग तिथेच बसून राहिले, तो चौथा करून परत आला, पाचवा सोडला, आणि खाली यायला रात्रीचे आठ वाजले. त्यानंतर चार महिने आमचं बोलणं आईच्या मार्फत.

आता परवा त्याचा मेसेज आला, "ताई, राहिलेला हिशोब पुरा करू या का?"

तर, हे आम्हाला झेपणारं आहे का, आणि मुख्य म्हणजे वाटेत परत फिरायचं कुणी ठरवायचं? मित्र असता तर बस म्हटलं की विषय संपतो. भावाला बस म्हटलं की लहानपणी सायकल कुणी मोडली तिथपासून सगळं निघतं.

खडूस
सायकल कुणी मोडली होती?

थोरली
त्याने. पण मार मी खाल्ला.

नकाशावाला
आधी झेपण्याचं बघू. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ढोबळ हिशेब मांडला, तो अजून सगळे वापरतात. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वरती एक तास. तुमचे २२ किमी म्हणजे ४ तास २४ मिनिटं, १७०० मीटरचे २ तास ५० मिनिटं. झाले सव्वासात तास. हे कागदावर. यात बसणं, खाणं, फोटो, वाट चुकणं, भांडण काहीच धरलेलं नाही. शिवाय उतार तीव्र असेल तर दर ३०० मीटर उताराला आणखी दहा मिनिटं धरतात. तुमचा उतारही १७०० असेल आणि सगळा उभाच असेल तर अजून तासभर. म्हणजे सव्वाआठ. थांबे धरून अकरा-बारा तास ही माणसात बसणारी वेळ. तुम्हाला सोळा लागले, तेही एक माथा कमी करून, म्हणजे नुसत्या पोटरीने एवढा वेळ खाल्लेला नाही, आणखीही काहीतरी गडबडलेलं आहे.

आणि दोघांत एक नकाशा??? हे वाचून मला रात्री झोप येणार नाही.

गुडघेदुखी
नकाशावाले, तुमचा नेस्मिथ पहिल्या डोंगराला बरोबर, चौथ्याला नाही. तो थकवा मोजतच नाही. पाच माथ्यांमधली खरी मेख चढात नसते, मधल्या उतारांत असते. सुटा डोंगर एकदाच चढतो, एकदाच उतरतो. इथे दर वेळी कमावलेली उंची खिंडीत उधळायची आणि परत कमवायची. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्याने त्याच्या तंतूंची बारीक बारीक तूटफूट होते. दुखणं त्या दिवशी फारसं कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिने उलटं उतरावे लागतात. पण ताकद मात्र त्याच दिवशी कमी होते, म्हणून चौथ्या उतारावर पाय लटपटतात आणि लोक तिथे पडतात.

उपाय काय, तर आधी दोन महिने उतारांचा सराव. चढाचा सगळे करतात. उतरायला काठ्या घ्या, दोन. आणि आदल्या आठवड्यात पायाची नखं कापा. हसू नका. माझा अंगठा दिवसभर बुटाच्या टोकावर आपटत होता, संध्याकाळी मोजा काढला तर नख जांभळं, दाबलं की खाली पाणी हलताना दिसायचं. तीन आठवड्यांनी गळून पडलं. उतार सुरू व्हायच्या आधी बूट सोडून टाच मागे दाबून घोट्यापाशी लेस आवळून बांधायची, दोनच मिनिटं लागतात, आणि कुणीही ती काढत नाही.

घसरगुंडी
मी जेवताना वाचत होतो हो.

जुळी_नं_२
थोरली, अगदी जवळचा विषय. आम्ही जुळ्या. सगळ्यांना वाटतं जुळ्या म्हणजे चाल पण सारखी. कसलं काय. ती चढाला यंत्र, मी उताराला बकरी. पहिल्या दोन मोहिमांत सारखं एकमेकींसाठी थांबून दोघी गारठलो. थांबणाऱ्याचा घाम वाऱ्यात थंड पडतो आणि मागून येणारा पोचला की थांबलेला लगेच निघतो, म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही! आता नियम असा की मागची पोचल्यावर घड्याळ लावून पाच मिनिटं, मगच निघायचं. एवढ्याने निम्मी भांडणं मिटली.

बादवे ताशी आणि नुंग्शी मलिक या जुळ्या बहिणी मे २०१३ मध्ये एकत्र एव्हरेस्टवर गेल्या आणि पुढच्या वर्षी सातही खंडांची सर्वोच्च शिखरं पुरी केली. त्यांचं वाटेत काय काय भांडण झालं असेल ते ऐकायला मी काहीही देईन.

सावलीतली
सरळ उपाय आहे. हळू चालणाऱ्याला पुढे ठेवायचं. मागचा आपोआप त्याच्या चालीने चालतो.

थोरली
@सावलीतली, ते करून बघितलंय. मागून त्याचा श्वास ऐकू येतो आणि मला वाटतं हा आता उसासा टाकणार. त्या टेन्शनने मी जास्त जोरात चालते आणि दमते. गोळा त्यानेच आला असावा.

सावलीतली
मग उसासा टाकायला बंदी.

शेवटचा_वळसा
मला हे माथे मोजत पळण्याचं खूळच कळत नाही. एका डोंगरावर जा, बसा, ढग बघा, या खाली. दिवसाला पाच म्हणजे काय, हजेरीपट आहे का? पाचव्या माथ्यावर पोचलेल्या माणसाला विचारा दुसऱ्यावरून काय दिसत होतं. आठवणार नाही.

जुना_गडी
शेवटचा_वळसा, हे खूळ जुनं आहे हो. बॉब ग्रॅहम म्हणून एक गृहस्थ होते, इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिक गावात गेस्ट हाउस चालवायचे. जून १९३२ मध्ये त्यांनी २४ तासांच्या आत ४२ डोंगर केले. पाच नाही, बेचाळीस. पायात टेनिसचे बूट, अंगात पायजम्यावरचा शर्ट. पुढे २८ वर्षं कुणाला ते जमलं नाही, थेट १९६० मध्ये दुसऱ्याने केलं. आणि मुद्द्याचं म्हणजे ते एकटे नव्हते, टप्प्याटप्प्याला सोबती बदलत होते. ताज्या दमाचा माणूस येतो, दमलेला घरी जातो. तुमच्या भावाला पण एखादा राखीव भाऊ आहे का बघा.

थोरली
एकच आहे. तोही सेकंडहँड वाटतो कधी कधी.

प्रमाणवेळ
थोडं अवांतर. हे पाच माथे खरंच पाच आहेत का? मधली खिंड किती खोल आहे त्यावर ठरतं. शेजारचा टेंगूळ म्हणजे शिखर नव्हे. आल्प्समध्ये ४००० मीटरच्या वरची शिखरं किती यावर वर्षानुवर्षं वाद होता, शेवटी १९९४ साली आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाने ८२ ची यादी केली. त्यात मुख्य कसोटी अशी की मधल्या खिंडीपासून किमान ३० मीटर उठाव हवा. ब्रिटनमध्ये काही याद्यांना १५० मीटर लागतो. तुमच्या धारेवर काय स्थिती आहे?

थोरली
नकाशा बघून सांगते. (आता माझ्याकडे स्वतःचा आहे.) पहिले चार दणदणीत आहेत, कमीत कमी ९० मीटर. पाचवा... चौथ्यापासून २५-२६ मीटरच दिसतोय.

प्रमाणवेळ
मग तो माथा नाहीच. तुमचे माथे चारच राहिले. गेल्या वेळी तुमच्या भावाने मोहीम पूर्ण केली होती!

थोरली
हे त्याला कळता कामा नये.

खडूस
धाग्याची लिंक पाठवू का त्याला?

नकाशावाला
८२ वरून आठवलं, ती सगळी ८२ शिखरं उली श्टेकने २०१५ मध्ये ६२ दिवसांत केली, मधला प्रवास सायकल, पायी नाहीतर पॅराग्लायडरने. २०२४ मध्ये किलियन जॉर्नेने तेच १९ दिवसांत. म्हणजे सरासरी दिवसाला चारपेक्षा जास्त. आणि आपण इथे पोटरीवर चर्चा करतोय.

घसरगुंडी
सायकलवरून आठवलं. श्मिट बंधू, फ्रान्झ आणि टोनी, १९३१ मध्ये म्युनिकहून सायकली हाणत मॅटरहॉर्नपर्यंत गेले, त्याची उत्तर भिंत पहिल्यांदा चढले, आणि सायकलीवरच परत. थोरली, तुम्ही पण सायकलपासून सुरुवात करा. तो विषय मिटेल तरी.

ढगातला_उंट
गमती पुरे, हवेचं कुणी बोललंच नाही. एका डोंगराला गेलात तर माथ्यावर अर्धा तास असता. पाच माथ्यांच्या धारेवर तुम्ही सहा-सात तास उघड्यावर आहात, आजूबाजूला सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच. गरम दिवसांत वादळं दुपारनंतर तयार होतात म्हणून पहाटे निघायचं, नुसतं ऊन टाळायला नव्हे. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर दूर. पण हे मोजत बसू नका, गडगडाट ऐकू आला म्हणजेच तुम्ही टप्प्यात आहात. धार सोडून खाली उतरायचं. आणि उतरायचं कुठून हे आधीच माहीत हवं! प्रत्येक खिंडीतून खाली जाणारी वाट आहे का, ती कुठे निघते, हे घरी बसून नकाशावर खुणा करून ठेवा. पाच माथ्यांच्या मोहिमेत चार सुटकेच्या वाटा पाहिजेत.

आणि १००० मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, वर वारा असतो तो वेगळाच. विंडचीटर सॅकच्या तळाशी ठेवू नका.

चढउतार
मी इतका वेळ वाचत होतो, आता लिहितो. मला मूळ प्रश्नातली एक गोष्ट सगळ्यांनी हसण्यावारी नेली असं वाटलं. खिंडीत दुखणाऱ्या पायाने बसलेल्या माणसाला नकाशाशिवाय सोडून जाणं. भाऊ असो नाहीतर कुणी, दोघांच्या टीममध्ये फुटायचं नाही. तिघं असले तर एक थांबतो, एक जातो. दोघं असताना फुटलात म्हणजे दोन एकटी माणसं डोंगरावर.

भावांच्या बाबतीत याला एक वेगळी धार असते. १९७० साली नंगा पर्बतवर राइनहोल्ड मेसनर शेवटच्या टप्प्याला एकटाच निघाला होता. धाकटा गुंथर मागून निघाला, त्याला गाठलं, दोघं माथ्यावर पोचले. उतरताना गुंथर गेला. त्याचे अवशेष मिळाले ते २००५ मध्ये. पस्तीस वर्षं लोक थोरल्यालाच प्रश्न विचारत राहिले. मी त्यात निवाडा करणार नाही, माझी लायकी नाही. पण धाकटा मागून का गेला असेल हे मला नीट कळतं. मी धाकटा आहे. माझा दादा पुढे चालत असला की मला माझे पाय दिसतच नाहीत, फक्त त्याच्या टाचा दिसतात.

जुळी_नं_२
चढउतार, शेवटच्या वाक्याने गप्प केलंत.

शेवटचा_वळसा
मी मघाशी फटकून बोललो, पण चढउतार यांना अनुमोदन. आणि एक सुचवतो. वेळा आदल्या दिवशी कागदावर लिहा. अमुक माथा अमुक वाजेपर्यंत, नाहीतर तिथून खाली. तिथे उभं राहून ठरवायला गेलात की माथा दिसत असतो, आणि दिसणाऱ्या माथ्यासमोर कुणाचीही अक्कल चालत नाही. ठरवायचं काम घरी चहा पिणाऱ्या माणसाने करावं, दमलेल्याने फक्त कागद वाचावा.

सावलीतली
+१. आणि कागद भावाच्या अक्षरात. म्हणजे त्याला तक्रार करता येणार नाही.

खडूस
मी एक शंका विचारून निघतो. इतके प्रतिसाद झाले, सगळे धरून चाललेत की हट्टी तो भाऊ. त्याची बाजू कुणी मागवली का? दोघांत हट्टी कोण हे धागा काढणाऱ्याला कधीच माहीत नसतं. मलाही नव्हतं, माझ्या बहिणीने धागा काढेपर्यंत.

थोरली
खडूस, तुम्ही नावाला जागलात.
सगळ्यांचे आभार. ठरलं, जातोय. सात आठवडे हातात आहेत, उतारांचा सराव सुरू करते. नखं पण कापते.

गुडघेदुखी
येऊन लिहा. फोटो नकोत, नखांचे तर नकोच.

(दोन महिन्यांनी)

थोरली
धागा वर काढतेय. जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं डोकं लावलंत.

निघालो साडेतीनला. नकाशे दोन, काठ्या चार, शिट्ट्या दोन. कागद त्याच्या अक्षरात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या सॅकच्या पट्ट्याला सेफ्टी पिनने लावलेला. त्यात शेवटची ओळ अशी: "चौथा माथा दुपारी १ पर्यंत. उशीर झाला तर पाचवा नाही. कारणं ऐकली जाणार नाहीत." मी म्हटलं वा, शहाणा झाला.

चढाला मी पुढे, उताराला तो. उसासा बंदी त्याने इतकी मनावर घेतली की दुसऱ्या चढावर तो मागे शीळ घालत होता, एकच ओळ, वीस मिनिटं. उसासा परवडला. लेस आवळायला मात्र प्रत्येक माथ्यावर आठवणीने बसलो, गुडघेदुखी यांचे पाय धरायला हवेत, माझी दहाच्या दहा नखं शाबूत आहेत. तिसऱ्याच्या आधीच्या त्या खिंडीत पाणी प्यायला थांबलो, तोच दगड. दोघंही काही बोललो नाही. तो दगडाच्या भेगेतलं गवत उपटत बसला होता.

तिसरा वेळेत झाला. मग चौथ्याच्या चढाला घसारा लागला, एक पाऊल वर, अर्धं खाली, आणि माथा समजून ज्याच्यावर पोचलो तो निघाला फसवा, खरा त्याच्या मागे. चौथ्यावर पोचलो तेव्हा एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. समोर पाचवा. अगदी हात लांब केला तर लागेल असा. हवा स्वच्छ, माझे पाय उत्तम. मी म्हटलं, "अरे अर्धा तास जायला, अर्धा यायला, चल पटकन."

तो काही बोलला नाही, पिन काढली आणि कागद माझ्या हातात दिला.

मग मी जे बोलले ते इथे सगळं लिहीत नाही. थोडक्यात, मागच्या वेळी मला खिंडीत टाकून गेलास तेव्हा कुठे होता तुझा कागद. तो म्हणाला, "ताई, तू म्हणालीस जा." मी म्हटलं मी असं म्हटलंच नव्हतं. तो म्हणाला, "म्हणालीस. दोनदा. पहिल्यांदा नुसतं, मग म्हणालीस जा ना, कशाला माझ्या डोक्यावर बसून राहिलायस."

हे मी मूळ पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं कारण मला आठवत नव्हतं. म्हणजे, आठवत होतं.

खडूस, घ्या.

चौथ्याच्या मागच्या खिंडीतून ढगातला_उंट यांनी सांगितल्याप्रमाणे आधीच खूण केलेली वाट होती, तिने उतरलो. सव्वापाचला खाली. तिथे पोचून बूट काढत होतो तेव्हा वर गडगडायला लागलं. पाचव्यावर गेलो असतो तर त्या वेळी कुठे असतो याचा हिशेब नकाशावाल्यांनी करावा, मी नाही करणार.

खडूस
मला काही बोलायचं नाही. (पहिल्यांदाच.)

नकाशावाला
केला हिशेब. सांगत नाही.

चढउतार
"जा" म्हणणारी थोरली आणि ते खरं मानणारा धाकटा. माझ्या दादाला हा धागा वाचायला देतोय.

सावलीतली
शीळ कुठल्या गाण्याची होती?

थोरली
तेच तर, गाणं नव्हतंच. स्वतःच केलेलं काहीतरी.

जुळी_नं_२
मग पाचवा कधी?

थोरली
मी विचारलं त्याला. त्याने हा धागा शोधून काढून वाचलाय सगळा. म्हणतो, "२६ मीटर उठाव, तो माथा नाहीच. माझी मोहीम दोन वर्षांपूर्वीच झाली, तुझी आत्ता."

प्रमाणवेळ
तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर आहे.

थोरली
प्रमाणवेळ, तुमच्याशी आता आईच्या मार्फत बोलेन.